आई-बाबांसाठी छोटा, परवडणारा कॉम्प्युटर सुचवा (लॅपटॉप नको आहे)

गावठाण

मंडळी, मदत हवी आहे.

आई-बाबा देवरुखला असतात, मी बंगळुरूला. बाबा ७४, आई ६९. घरी विंडोज ७ वाला जुना टॉवर होता. गेल्या पावसाळ्यात वीज सारखी जात-येत होती, त्यात तो एकदा जो बसला तो उठलाच नाही. तिथल्या पोराने उघडून बघितलं, एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा भाग) उडालाय आणि बोर्डाचीही खात्री नाही म्हणाला. "काका, यावर पैसे घालू नका" हेही त्यानेच सांगितलं. (गुणी मुलगा आहे.)

वापर असा: बाबा गावच्या देवळाचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतात, मराठीत पत्रं-अर्ज लिहितात, आता आठवणी लिहायला घेतल्या आहेत. बँक नि लाइटबिल फोनवर होतं, पण सातबारा आणि इन्कम टॅक्स त्यांना मोठ्या पडद्यावरच बघायचं असतं. आईला यूट्यूबवरची कीर्तनं, आणि रविवारी डब्लिनला माझ्या बहिणीकडे व्हिडिओ कॉल. फोनवर नात पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसते अशी तिची तक्रार आहे.

जागा म्हणाल तर माजघरात खिडकीखाली जेमतेम अडीच फुटांचं टेबल. बजेट पडद्यासकट ३० हजार, ताणून ३५.

लॅपटॉप बाबांना नको. कारण विचारलं तर म्हणाले, "मान खाली घालून काम करायची मला सवय नाही."

---

झब्बू

लॅपटॉप घ्या, विषय संपवा. पडदा, कॅमेरा, माइक, स्पीकर, बॅटरी सगळं एकाच खोक्यात. वर एक स्टँड आणि वेगळा कीबोर्ड लावला की मानेचाही प्रश्न सुटला.

---

स्क्रूड्रायव्हर

नको म्हणालेत ना ते, मग नको. झब्बूंच्या बोलण्यात बॅटरीचा मुद्दा मात्र खरा आहे, कोकणात तो लहान नाही. त्यावर नंतर.

या बजेटात खरे रस्ते दोनच.

एक, नवा मिनी पीसी. तळहातावर मावणारा डबा, आत इंटेलचा एन१०० प्रोसेसर किंवा त्याचाच एखादा भाऊबंद. चार कोअर, कागदावर ६ वॉट. एक्सेल, ब्राउझर, यूट्यूब, व्हिडिओ कॉल व्यवस्थित चालतं. पंधरा टॅब उघडे ठेवून वर व्हिडिओ कॉल लावला तर धापा टाकेल, पण ते तुमच्या आई-बाबांपेक्षा तुमच्या-माझ्याकडून होण्याची शक्यता जास्त. रॅम ८ जीबी हवीच, ४ वाल्याकडे वळूनही बघू नका. आणि स्टोरेजच्या रकान्यात 'ईएमएमसी' दिसलं तर पुढे चला. ती बोर्डावरच बसवलेली मेमरी असते, हळू चालते आणि भरली की बदलता येत नाही. एसएसडी असं स्पष्ट लिहिलेलं असावं.

दोन, ऑफिसातून निघालेला मिनी. डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी. तिन्ही साधारण एक लिटरचे डबे, उभे ठेवले तर जाडजूड पुस्तकाइतकी जागा घेतात. मोठ्या कंपन्या हे शेकड्यांनी घेतात, काही वर्षांनी एका फटक्यात बदलतात आणि मग ते रिफर्बिश्ड म्हणून बाजारात येतात. आठव्या पिढीचा आय५, ८ जीबी, २५६ एसएसडी असा डबा मी १२ ते १६ हजारांत बघितला आहे. एन१००पेक्षा चपळ आणि बांधणीने कितीतरी दणकट. मला निवडायला सांगाल तर हाच.

भाव आजचे धरून चालू नका. २०२५ च्या दिवाळीच्या आसपासपासून रॅम आणि एसएसडी दोन्ही चढलेत, चिपांचा बराच माल एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांकडे वळलाय. त्यामुळे "रॅम नंतर वाढवू" हा जुना हिशेब सध्या उलटा पडतो. जेवढी हवी तेवढी घेतानाच घ्या.

अॅपलचा मॅक मिनी कोणी सुचवायच्या आत सांगतो: एम४ वाला २०२४ मध्ये आला तो ५९,९०० ला, आणि तोही नुसता डबा. यंत्र अप्रतिम आहे, पण इथे विषय वेगळा आहे. रास्पबेरी पाय हा एका बोर्डाचा कॉम्प्युटर माझ्या टेबलावर चोवीस तास चालू असतो, पण आई-वडिलांना मी तो देणार नाही. ऑल-इन-वन दिसायला सुटसुटीत. त्यातला पडदा गेला की कॉम्प्युटर गेला आणि बोर्ड गेला की पडदा गेला.

---

कुंपण

जुन्या डब्यांबद्दल एक सावधगिरी. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे ढिगाने डबे दुकानांत येऊन पडलेत आणि काही दुकानदार त्यांवर कसरती करून ११ चढवून विकतात. दुकानात चालू दिसतं, पण पुढच्या एखाद्या मोठ्या अपडेटला गाडी अडू शकते.

पिढी ओळखायची सोपी खूण: आय५-८५००टी मध्ये पाचानंतरच्या आकड्यातला पहिला अंक ८, म्हणजे आठवी. ६५००टी असेल तर सहावी, कितीही स्वस्त दिली तरी नको. दहाव्या पिढीपासून हे आकडे पाच अंकी होतात, तेव्हा १०५००टी बघून पहिली पिढी समजू नका. शेवटचा 'टी' म्हणजे कमी विजेवर चालणारा, मिनी डब्यांत बहुधा तोच असतो.

---

चकलीचा_सोऱ्या

आमच्याकडे सासूबाईंसाठी दोन वर्षांपूर्वी असाच मिनी घेतला, म्हणून लिहिते. डबा आला, पडदा आला, मांडामांड झाली. सासूबाई केस विंचरून, साडी नेसून खुर्चीवर येऊन बसल्या. कॉल लावला तर ना आमचा चेहरा पलीकडे, ना त्यांचा आवाज अलीकडे. मिनी पीसीला कॅमेरा नसतो, माइक नसतो आणि धड स्पीकरही बहुधा नसतो हो! लॅपटॉपच्या सवयीमुळे आपल्या ते डोक्यातच येत नाही.

तेव्हा बजेटात हे आधीच मांडा. यूएसबी वेबकॅम दीड-दोन हजारांत येतो, माइक त्यातच असतो. पडद्याला स्पीकर आहेत का ते खोक्यावर वाचा. बऱ्याच स्वस्त पडद्यांना नसतात, आणि असले तरी इतके मिणमिणते की कीर्तनातला मृदंग नुसता टकटक वाजतो. यूएसबीवर चालणारे छोटे दोन स्पीकर घेतलेत तर आई दुवा देतील.

वायरलेस कीबोर्ड-माऊस घेऊ नका असं माझं मत. सेल संपला की "कॉम्प्युटर बिघडला" असा फोन येतो.

---

झब्बू

म्हणजे लॅपटॉपच घ्यायला हवा होता ना? 😀 (हलके घ्या.)

---

ऐनक

चष्म्याच्या दुकानात उभं राहून आयुष्य गेलं, त्यामुळे मला जरा वेगळं दिसतं. सगळे डब्याबद्दल बोलताय. त्या दोघांना डबा दिसणारच नाहीये, त्यांना दिसणार पडदा.

बाबांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल असणार. त्यात जवळचं वाचायचा भाग काचेच्या खालच्या बाजूला असतो. पडदा उंच ठेवला की माणूस हनुवटी वर करून त्या खालच्या पट्टीतून वाचायला लागतो आणि तासाभरात मान आखडते. तरुणांना सांगतात तसं "पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत" हे प्रोग्रेसिव्हवाल्यांना लागू नाही. त्यांचा पडदा त्याहून बराच खाली हवा, वरच्या बाजूने किंचित मागे कललेला. म्हणून खालीवर होणारं स्टँड असलेला पडदा मिळाला तर दोन हजार जास्त द्या. स्वस्त पडदे नुसते मागे-पुढे झुकतात, उंची बदलत नाही.

आकार: २४ इंच, फुल एचडी. माझ्याकडे येणाऱ्या आजी-आजोबांना २७ इंची फुल एचडी जास्त आवडतो, कारण तेवढेच ठिपके मोठ्या जागेत पसरतात आणि सगळंच आपोआप मोठं दिसतं. तरुण लोक त्यालाच फुटलेलं दिसतं म्हणून नाक मुरडतात. पण अडीच फुटांच्या टेबलावर २७ म्हणजे अगदी अंगावर येईल, तुम्ही २४ घ्या. चकचकीत काच नको, मॅट हवा. खिडकी समोर किंवा पाठीमागे येणार नाही, बाजूला येईल असं टेबल फिरवा.

आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असेल तर आधी ते उरकून घ्या. पडद्याचा रंग पिवळट दिसतो म्हणून दुकानात परत करायला निघालेले गृहस्थ मी पाहिलेत. डोळे एकदा तपासून, नंबर पक्का करून, हाताच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेतला तर तो प्रोसेसरपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

---

गावठाण

ऐनक, हे खरंच कुणी सांगितलं नव्हतं. बाबांचा प्रोग्रेसिव्हच आहे. आणि टेबल बरोब्बर खिडकीला तोंड करून आहे!

टीव्हीला जोडलं तर? घरी ३२ इंची आहे, पडद्याचा खर्च वाचेल.

---

स्क्रूड्रायव्हर

३२ इंची टीव्ही बहुतेक वेळा 'एचडी रेडी' असतो, म्हणजे १३६६ बाय ७६८. सिनेमाला ठीक. एक्सेलचे रकाने त्यावर वाचून बघा, मग बोला. शिवाय टीव्ही भिंतीवर, बाबा सोफ्यावर, कीबोर्ड मांडीवर! आईच्या कीर्तनांना टीव्ही उत्तम, ती त्याच टीव्हीवर थेट यूट्यूब लावू शकते. देवळाचा हिशेब तिथे होणार नाही.

---

वाटाण्याची_उसळ

कुणी टॅबलेटचं बोललंच नाही? दहा-अकरा इंची टॅब, सोबत ब्लूटूथ कीबोर्ड. व्हायरसची भीती कमी, अपडेटची कटकट कमी, कॅमेरा-माइक आत. माझ्या आईने तीन वर्षांत एकदाही कॉम्प्युटर मागितलेला नाही.

---

चकलीचा_सोऱ्या

आईंसाठी टॅब शंभर टक्के. पण बाबा एक्सेलवाले आहेत. एक्सेलवाल्या माणसाच्या हातात टॅब देऊन बघा एकदा, आठ दिवसांत टॅब आईंकडे आणि बाबा सायबर कॅफेत.

---

निवृत्त_पण_जागृत

नमस्कार. हा धागा दोन दिवस वाचतो आहे. माझे वय ७६. जिल्हा परिषदेतून निवृत्त. आमच्या वतीने दोन शब्द लिहावेसे वाटले.

पहिले म्हणजे, गावठाण, वडिलांना घेऊन दुकानात जा. पडद्यासमोर बसू द्या, कीबोर्डवर चार ओळी टंकू द्या. कोणते अक्षर दिसते आणि कोणते बटण बोटाला जड जाते हे बंगळुरूहून कळत नाही. घरपोच खोके पाठवणे सोपे असते हे मान्य, पण जी वस्तू आपण निवडलेली नाही तिच्यावर माणूस प्रेम करत नाही.

दुसरे, मराठी टंकलेखन. तुमचे वडील जुन्या यंत्रावर कोणत्या पद्धतीने लिहीत होते ते आधी विचारा. आमच्या पिढीत तीन जाती आहेत. टाइपरायटरवर शिकलेले रेमिंग्टनवाले, ज्यांची बोटे आता दुसरे काही ऐकत नाहीत. सरकारी आग्रहामुळे इन्स्क्रिप्ट शिकलेले. आणि मुलांनी शिकवलेले, जे इंग्रजी अक्षरांत मराठी उमटवतात. इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसार चालणारा फोनेटिक हे दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्येच असतात, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोजचे बटण आणि स्पेसबार एकत्र दाबला की इंग्रजी-मराठी बदल होतो. रेमिंग्टन मात्र वेगळा शोधून बसवावा लागतो. मी स्वतः पासष्टाव्या वर्षी इन्स्क्रिप्ट शिकलो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, अशी मांडणी आहे. ती एकदा डोक्यात बसली की हात चालू लागतो. 'दुसऱ्या', 'कऱ्हाड' यांतला ऱ शिफ्ट-जे वर आणि ळ शिफ्ट-एन वर, या दोन कळा कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवा. बाकी ते शोधतील.

तिसरे. आम्हाला "सोपे करून द्या" असे कोणी म्हटले की आम्ही दचकतो. सोपे करण्याच्या नादात आमचे नेहमीचे चिन्ह जागेवरून हलवले जाते.

---

गावठाण

काका, नमस्कार. बाबांना फोन केला आणि तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा माणूस शहाणा आहे." माझ्याबद्दल काही बोलले नाहीत.

ते इन्स्क्रिप्टवालेच निघाले. पण घोळ असा की त्यांचं जुनं लिखाण 'शिवाजी' फाँटमध्ये आहे आणि ते मेलेल्या टॉवरच्या डिस्कमध्ये. त्याचं काय करू?

---

कुंपण

डिस्क मेलेली नाही, यंत्र मेलंय. टॉवरमधून हार्ड डिस्क काढून घ्या, चार स्क्रू असतात. साडेतीन इंची असेल तर वेगळं अॅडॅप्टर असलेली साटा-टू-यूएसबी केबल लागेल, नुसत्या यूएसबीच्या विजेवर ती डिस्क फिरत नाही. नव्या यंत्राला जोडली की फायली पेन ड्राइव्हसारख्या दिसतात. आधी सगळ्या जशाच्या तशा उतरवून घ्या, मग उघडा.

शिवाजी फाँटचं लिखाण हे आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वरून मराठीचा मुखवटा. नव्या यंत्रावर तो फाँट नसला की पानभर निरर्थक एबीसीडी दिसते. बाबा घाबरतील, त्यांना आधी सांगून ठेवा. फाँट टाकला की परत वाचता येतं. कायमचा उपाय म्हणजे युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्रावर दिसणाऱ्या मराठीत) बदलून घेणं, त्यासाठी फुकट परिवर्तक मिळतात. जोडाक्षरं आणि रफार थोडे बिघडतात, एकदा नजरेखालून घालावं लागतं. आठवणी लिहिताहेत म्हणता, तर तेवढं काम त्यांना आवडेलसुद्धा.

---

पेंग्विनप्रेमी

विंडोज कशाला? लिनक्स मिंट टाका. फुकट, व्हायरसची भीती जवळपास नाही, जुन्या यंत्रावर पळतं, मेनू विंडोज ७ सारखाच. लिब्रेऑफिस त्यात येतं आणि इन्स्क्रिप्टही.

---

स्क्रूड्रायव्हर

मी स्वतः मिंटवाला आहे, तरी इथे नको म्हणतो. बाबांना काही अडलं की ते कुणाला विचारणार? एसएमपीएस बघायला आलेल्या त्या पोराला. त्याला विंडोज येतं. ज्या यंत्राचा वैद्य गावात आहे तेच घ्यावं.

---

पेंग्विनप्रेमी

मग वैद्य तयार कसे होणार? वर्षानुवर्षं हेच ऐकतोय. कुणाच्या तरी घरापासून सुरुवात व्हायला नको?

---

स्क्रूड्रायव्हर

व्हायला हवी. दुसऱ्याच्या ७४ वर्षांच्या वडिलांपासून नव्हे.

---

वाटाण्याची_उसळ

🍿

---

गावठाण

भांडू नका हो. लिब्रेऑफिस मात्र विंडोजवरही टाकतो, एक्सेलच्या फायली त्यात उघडतात असं दिसतंय.

ठरलं: रिफर्बिश्ड मिनी. पुढच्या आठवड्यात बाबा कामासाठी मुंबईला काकांकडे येताहेत, मीही पोचतोय. लॅमिंग्टन रोडला जाऊ. दुकानात काय काय तपासू?

---

स्क्रूड्रायव्हर

घाई नसेल अशा दिवशी जा, शनिवारी संध्याकाळी नको. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटं. पहिल्याच दुकानात खिसा उघडू नका, पण वीस दुकानंही फिरू नका, बाबा दमतील.

काउंटरवर डबा हातात आला की आधी खालचा स्टिकर बघा. सर्व्हिस टॅग किंवा सिरियल नंबर असतो, तो कंपनीच्या साइटवर फोनवरूनच टाका. यंत्र मुळात कोणतं, आत काय होतं आणि वॉरंटी कधी संपली ते बहुधा कळतं. स्टिकर खरवडलेला असेल तर पुढचं दुकान.

मग चालू करायला लावा, आणि चालू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) जा. तिथे पासवर्ड मागितला तर ठेवून द्या. जुन्या ऑफिसने लावलेलं कुलूप दुकानदाराने काढलेलं नाही. पासवर्ड नसेल तर तिथेच एक काम उरकून घ्या: वीज परत आली की यंत्राने काय करावं अशी एक सेटिंग असते, ती 'चालू' वर ठेवा. हा डबा तुम्ही पडद्याच्या मागे लावणार, त्याचं बटण तिकडे भिंतीकडे जाणार, आणि बाबा रोज हात मागे घालून चाचपडणार. ही सेटिंग असली की बोर्डावरचं बटण दाबलं की कॉम्प्युटर सुरू. बंद करताना मात्र आधी मेनूतून बंद, मग बोर्ड.

विंडोज सुरू झालं की सेटिंगमध्ये 'अॅक्टिव्हेटेड' आहे का बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम पेन ड्राइव्हवर नेऊन चालवा, एसएसडीची तब्येत टक्क्यांत सांगतो आणि एकूण किती तास चालली तेही. जुनी एसएसडी ८० च्या खाली असेल तर नवी घालून मागा. मग यूट्यूबवर एक व्हिडिओ लावा, डबा दहा मिनिटं हातात धरा आणि पंख्याचा आवाज ऐका. घरघर असेल तर आत धूळ आहे किंवा पंखा जायला आलाय.

यूएसबीची सगळी भोकं पेन ड्राइव्ह घालून तपासा. व्हिडिओची भोकं विसरू नका: या ऑफिस डब्यांना अनेकदा डिस्प्लेपोर्टच असतो, एचडीएमआय नसतो. पडद्याशी जुळणारी केबल तिथूनच घ्या, नाहीतर देवरुखला शोधत बसाल. अॅडॅप्टर मूळ कंपनीचाच हवा. आणि जीएसटीसकट पक्कं बिल, वॉरंटी किती महिन्यांची ते त्यावर लिहून. तोंडी वॉरंटी दुकानाच्या पायरीवर संपते.

---

आंबाघाट

मी संगमेश्वरचा, त्यामुळे विजेचं मी बोलतो.

मिनी डबा आणि २४ इंची पडदा मिळून ५०-६० वॉटच्या वर क्वचित जातात. ६०० व्हीएचा साधा यूपीएस वीस-पंचवीस मिनिटं खेचतो, फाइल सेव्ह करून बंद करायला भरपूर. पण राउटरचं काय? वीज गेली की नेट पहिलं जातं. राउटर आणि फायबरचा डबा यांच्यासाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस वेगळा मिळतो, तो दोन-तीन तास चालतो. रविवारचा डब्लिनचा कॉल वाचवायचा असेल तर हा घ्याच. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, बदलायला लागते, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे "नवा घेतला तरी बिघडला" होत नाही.

मे महिन्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. टॉवर गेला तो असाच गेला असणार.

आणि पाल! हसू नका. उबदार जागा म्हणून पडद्यामागे येऊन बसते. डब्याच्या जाळीतून मुंग्या आत जातात ते वेगळंच. पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस बंद ठेवू नका, रोज तासभर चालवला की आतली दमट हवा सुकते. कापडी कव्हर घातलं तर ते चालू करायच्या आधी काढायचं. आमच्या आत्याने क्रोशाचं सुंदर कव्हर घालून एक यंत्र शिजवलंय.

---

डब्लिनकर

मी गावठाणची बहीण. 🙂 हा धागा त्याने पाठवला, म्हणून सदस्यत्व घेतलं.

माझी काळजी वेगळी आहे. बाबांच्या एका मित्राला "कस्टमर केअर" म्हणून फोन आला. त्यांनी स्क्रीन शेअरचं अॅप टाकायला लावलं आणि खात्यातून मोठी रक्कम गेली. मोठ्या पडद्यावर बँक उघडली की हे जास्त होईल का?

---

कुंपण

पडद्याच्या आकाराने होत नाही, घाईने होतं. पण यंत्र लावून देतानाच काही दारं बंद करता येतात.

बाबांना साधं खातं द्या, अॅडमिनचं वेगळं आणि त्याचा पासवर्ड तुम्हा भावंडांकडे. म्हणजे कुणी काही बसवायला लावलं तर पासवर्ड मागेल आणि फोन तुम्हाला येईल. क्रोममध्ये साइट सेटिंगला जाऊन नोटिफिकेशन मागण्याची परवानगीच बंद करा. ज्येष्ठांच्या यंत्रावर "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला" असे कोपऱ्यातून उगवणारे डबे बहुतेक वेळा व्हायरस नसतात, कुठल्या तरी साइटला चुकून दिलेलं 'अलाऊ' असतं. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका. शोधात वर येणाऱ्या खोट्या कस्टमर केअरच्या जाहिराती त्याने बऱ्याच कमी होतात.

दुरून मदतीसाठी विंडोजचंच क्विक असिस्ट आहे, नाहीतर क्रोम रिमोट डेस्कटॉप. पण चोरही हेच वापरतात, म्हणून घरात एक नियम करा: आपण स्वतः मुलांच्या नंबरवर लावलेल्या फोनवरच कोड टाकायचा किंवा द्यायचा. आलेल्या फोनवर कधीही नाही, मुलाचा आवाज वाटला तरी नाही. तो फोन ठेवायचा आणि आपण लावायचा. काही झालंच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर १९३०, आणि लगेच. पहिल्या तासात तक्रार गेली तर पैसे पुढे सरकायच्या आत अडवण्याची शक्यता असते.

---

निवृत्त_पण_जागृत

कुंपण यांच्या मुद्द्यात एक दुरुस्ती सुचवतो. अॅडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात घालून घरातही ठेवावा. मुलगी आयर्लंडमध्ये झोपलेली आणि मुलगा मीटिंगमध्ये, अशा वेळी स्वतःच्या घरात परवानगी मागत बसणे बरे वाटत नाही.

---

गावठाण

काका, मान्य. पाकीट देवघरात राहील.

अपडेट: झाली खरेदी! लेनोवो टायनी, आय५ आठवी पिढी, ८ जीबी, नवी २५६ एसएसडी घालून १५,५००. दुसऱ्या दुकानात बायोसला पासवर्ड निघाला, दुकानदार "उद्या काढून देतो" म्हणाला, बाबा म्हणाले "मग उद्या विका." पडदा २४ इंची मॅट, उंची बदलणारा, १०,२००. वेबकॅम, स्पीकर, कीबोर्ड-माऊस मिळून ३,८००. यूपीएस आणि राउटरचा मिनी यूपीएस देवरुखच्या त्या पोराकडूनच घेतला, ४,६००. बेरीज ३४,१००.

कीबोर्ड बाबांनी निवडला. मी दाखवलेले सगळे चपटे नाकारले आणि खालच्या फळीवरचा, खोलवर दाबले जाणारे खटके असलेला काढायला लावला. सगळ्यांत स्वस्त तोच निघाला.

घरी टेबल फिरवलं. पडदा अगदी खाली आणला. मजकूर १५० टक्के केला, तो त्यांनी लगेच १२५ वर आणला: "एवढं मोठं नको, बाहेरून दिसतं." डबल क्लिकचा त्रास होता, बोट दोनदा पडेपर्यंत माऊस सरकायचा, म्हणून फोल्डर ऑप्शनमध्ये एका क्लिकवर उघडेल असं केलं. जुन्या डिस्कवरचं सगळं मिळालं, शिवाजीसकट.

---

चकलीचा_सोऱ्या

वा! आणि आई?

---

गावठाण

आईने आल्या दिवशी नातीशी पाऊण तास गप्पा मारल्या आणि बाबांचा हिशेब अडला. आता तिला टॅब घ्यायचं चाललंय. वाटाण्याची_उसळ, जिंकलात.

जाता जाता एक: बाबांना प्रिंटर हवाय. व्याजावर टॅक्स कापू नये म्हणून बँकेत द्यायचा फॉर्म आणि देवळाच्या पावत्या. शाईवाला स्वस्त दिसतोय.

---

आंबाघाट

शाईवाला नको. महिन्यातून चार पानं काढणार, तेवढ्यात नोझल सुकतात आणि साफ करण्यातच शाई संपते. घ्यायचाच तर काळा-पांढरा लेझर, त्याची पावडर पडून राहिली तरी सुकत नाही. मात्र लेझर यूपीएसला जोडायचा नाही, सुरू होताना एकदम भार ओढतो. थेट भिंतीच्या बोर्डाला.

वर्षाला पन्नास पानंच असतील तर पेन ड्राइव्ह घेऊन स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा म्हणावं. तेवढंच बाबांचं फिरणं होतं.

---

निवृत्त_पण_जागृत

पेन ड्राइव्ह नेला तर परत आल्यावर आधी व्हायरस स्कॅन करावा, मगच फाइल उघडावी. झेरॉक्सच्या यंत्रात अख्ख्या तालुक्याचे पेन ड्राइव्ह फिरून गेलेले असतात. पावत्यांच्या बाबतीत मात्र मी लेझरच्या बाजूने आहे. उत्सवात देणगीदार समोर उभा असतो, त्याला झेरॉक्सच्या दुकानात पाठवता येत नाही.